कर्नाळा: गडावर न जाता जंगलात एक दिवस (वाट, वेळ, तयारी)

मृदुला_ठाणे
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कर्नाळा पक्षी अभयारण्यात एक अख्खा दिवस घालवायचा बेत आहे. आम्ही दोघं, मुलगा (वय ९) आणि सासूबाई (वय ६८). सासूबाईंना रोज चालायची सवय आहे, पण उतार लागला की गुडघा दुखतो. नेटवर शोधलं तर जो तो गड आणि सुळका यांवरच लिहितो. आम्हाला हवंय शांत जंगल, झाडं, पक्षी, आणि दमछाक न होता संध्याकाळी घर. किती वाजता पोचावं, कोणती वाट धरावी, सोबत काय घ्यावं आणि कशापासून सांभाळावं? माहीतगारांनी कृपया सविस्तर लिहा.

दुर्गवेडा
गड अजिबात सोडू नका, असं माझं स्पष्ट मत. उंची साधारण ४४५ मीटर, पायथ्यापासून दीड-दोन तासांचा चढ, बराचसा सावलीतून. माथ्यावर सव्वाशे फुटांचा सुळका आणि त्याच्या पोटात कोरलेली पाण्याची टाकी. १६५७ मध्ये महाराजांनी घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात दिलेल्या २३ किल्ल्यांत हा होता, १६७० मध्ये परत आला. वासुदेव बळवंत फडक्यांचे आजोबा इथले किल्लेदार होते. फडक्यांचं जन्मगाव शिरढोण तर महामार्गावर, पनवेलहून येताना वाटेतच लागतं. एवढं सगळं टाकून खाली झाडं बघत बसायचं?

तांबट
दुर्गवेडा, गडाबद्दल आदर आहेच, पण प्रश्न जंगलाचा आहे. आणि गुडघा दुखणाऱ्या माणसाला गडाची वाट सुचवणं बरं नव्हे. चढ निभावतो, खरा त्रास परतीच्या उतारावर. डिसेंबरात वाटेवर सागाची वाळलेली पानं आणि खाली सुटा मुरूम असतो. पानावर टाच ठेवली की पान मुरमावरून सरकतं आणि सगळा भार एका गुडघ्यावर येतो.

मृदुलाताई, प्रवेशद्वारापासून दोन आखीव निसर्गवाटा आहेत, हरियाल आणि मोरटाका. हरियाल छोटी आणि सोपी. मोरटाका लांब, थोडी चढउताराची. तुमच्यासाठी सकाळी हरियाल, आणि सासूबाईंना हुरूप असेल तर मोरटाक्याचा जेवढा जमेल तेवढा भाग. वाट पुरी करायचीच असं मनात धरू नका. पक्षी बघायचे तर अर्ध्या तासात दोनशे पावलं हा चांगला वेग समजावा.

वेळेचं म्हणाल तर दार उघडायला तुम्ही दारात हवं. हिवाळ्यात सकाळी साडेसात ते दहा ही खरी वेळ. ऊन झाडांच्या शेंड्यांवर पडायला लागलं की हरियाल, तांबट, हळद्या, बुलबुल उघड्या फांद्यांवर ऊन खायला येतात. साडेदहानंतर सगळं थंडावतं ते थेट साडेतीन-चारपर्यंत. दुपारचा वेळ झाडं, फुलपाखरं आणि जेवण यांना द्या.

पनवेलकर
जायचं कसं ते सांगतो. पनवेलपासून साधारण १२ किलोमीटर, मुंबई-गोवा महामार्गावरच. रेल्वेने पनवेलला उतरून एसटी स्टँडवर या आणि पेण किंवा अलिबागकडे जाणारी साधी गाडी पकडा. बसण्याआधी कंडक्टरला ‘कर्नाळा अभयारण्याला थांबणार ना?’ हे विचाराच. जलद गाड्या थांबतीलच असं नाही. परतीला हात दाखवून गाडी थांबवावी लागते आणि महामार्ग ओलांडावा लागतो, तेव्हा पोराचा हात सोडू नका.

दारात पिशव्या तपासतात. प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि पुडे मोजून अनामत रक्कम घेतात, परत येताना मोजून दाखवलं की ती मिळते. सुट्टे पैसे ठेवा. सगळ्यात सोपं म्हणजे स्टीलच्या बाटल्या आणि डबे. दारातला वेळही वाचतो.

शमा_पुणे
शांत जंगल हवं असेल तर कर्नाळा कशाला? अभयारण्याच्या मधून महामार्ग जातो, ट्रकचे भोंगे दिवसभर. त्यापेक्षा फणसाडला जा. मुरूड-जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं ते, १९८६ मध्ये अभयारण्य झालं. शेकरू आहे, गारंबीचे मांडीएवढे जाड वेल आहेत, पाणवठ्यांना तिथे ‘गाण’ म्हणतात. माणूस दिसत नाही.

तांबट
शमा, फणसाड सुंदरच, पण ठाण्याहून एका दिवसात जाऊन-येऊन नऊ वर्षांच्या मुलाचा आणि आजींचा अर्धा दिवस गाडीतच जाईल. ते मुक्कामाचं ठिकाण आहे. भोंग्यांचं तुमचं म्हणणं खरं, सुरुवातीच्या टप्प्यात ते ऐकू येणारच. पण वाट एखाद्या घळीत शिरली आणि मध्ये डोंगराची एक धार आली की आवाज एकदम पडतो. त्यामुळे थांबायच्या जागा ओढ्याच्या घळीत निवडा, महामार्गाकडच्या उतारावर नको. आणि शनिवार-रविवार टाळता आला तर बघाच. सुट्टीच्या दिवशी ट्रकपेक्षा सहलीचे स्पीकर जास्त त्रास देतात.

कर्नाळा लहान आहे हे मात्र विसरू नये. १९६८ मध्ये जाहीर झालं तेव्हा जेमतेम साडेचार चौरस किलोमीटर होतं, २००३ मध्ये वाढवून १२.११ केलं. एवढ्याशा रानात इतके पक्षी टिकलेत, म्हणून आपण तिथे आवाज कमी करायचा.

हिरवापाचू
+१. बारा चौरस किलोमीटर म्हणजे आमच्या सोसायटीच्या वॉट्सॅप ग्रुपपेक्षा लहान आणि त्याहून खूप शांत!

सुतार_मिस्त्री
डिसेंबरमध्ये काय दिसू शकतं ते लिहितो. हिवाळी पाहुण्यांत स्वर्गीय नर्तक, नीलांग, निळ्या डोक्याचा कस्तूर. नशीब जोरावर असेल तर राखी निखार. त्याच्यासाठी लोक मुद्दाम कर्नाळ्याला येतात. कायमच्या रहिवाशांत भृंगराज, श्यामा, नाचण, टकाचोर, कुटुर्गा, सुतार.

कसं बघायचं हे जास्त महत्त्वाचं. हिवाळ्यात जंगलातले छोटे पक्षी मिश्र थवा करून फिरतात. निखार, वटवट्या, नाचण, सुतार, कोतवाल सगळे एकत्र. अर्धा तास एक पक्षी दिसत नाही आणि मग पाच मिनिटांत पंधरा जाती समोर येतात. थवा आला की त्याच्यामागे धावायचं नाही. तो कुठल्या दिशेने सरकतोय ते बघायचं, त्याच्या पुढे वीसेक पावलांवर जाऊन उभं राहायचं, म्हणजे थवा आपल्या अंगावरून जातो. भृंगराज दिसला की थवा जवळ आहे असं धरा. हालचालीने उडालेले किडे टिपायला तो थव्याबरोबरच असतो. आवाजांवर मात्र त्याच्या विश्वास ठेवू नका, दुसऱ्या पक्ष्यांची नक्कल हुबेहूब करतो.

दुसरी युक्ती म्हणजे फळावर आलेला उंबर, वड किंवा पायर शोधा आणि बुडापासून दहा-पंधरा मीटर लांब बसून राहा. हरियालाचा रंग पानात असा मिसळतो की आधी पिकलेली फळं टपटप खाली पडताना दिसतात, मग पक्षी.

जमिनीकडेही लक्ष असू द्या. वाळलेल्या पाचोळ्यात ‘खर्र... खर्र’ असा थांबून थांबून आवाज आला तर बहुधा कस्तूर पानं उलटून किडे शोधतोय. सरडा किंवा सापसुरळी असेल तर आवाज सलग, एका रेषेत जातो.

अभय_डोंबिवली
दुर्बीण कोणती घ्यावी? १० × ५० चालेल का? घरात पडून आहे.

सुतार_मिस्त्री
असेल ती आणा, पण दाट झाडीत ८ × ४२ बरी. भिंगाचा व्यास भागिले वर्धन म्हणजे डोळ्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी. ८ × ४२ ची सव्वापाच मिलिमीटर, १० × ४२ ची ४.२. पहाटेच्या अंधुक सावलीत हा फरक जाणवतो. तुमच्या १० × ५० ला प्रकाश भरपूर आहे, पण वजन मोठं, हात थरथरतो आणि दृश्य अरुंद, त्यामुळे पानाआडून उडणारा पक्षी सापडत नाही. आणखी एक पाहा, किती जवळचं स्पष्ट दिसतं. दोन मीटरपर्यंतचं दिसत असेल तर फुलपाखरंही बघता येतील.

मुलासाठी ८ × ३० सारखी हलकी घ्या. दोन्ही नळ्या पुरेशा जवळ दुमडतात का ते दुकानातच तपासा. मुलांच्या डोळ्यांतलं अंतर कमी असतं. नळ्या जवळ येत नसतील तर त्याला दोन काळे गोल दिसतात आणि तो दहा मिनिटांत दुर्बीण गळ्यातून काढून ठेवतो.

दुर्गवेडा
ठीक आहे, गड नको तर नको. पण जे कोणी हा धागा वाचून गडावर जातील त्यांच्यासाठी मधमाश्यांचं लिहिलंच पाहिजे. सुळक्यावर आग्या माश्यांची मोठी मोहोळं असतात. तिथे आरडाओरडा, दगड भिरकावणं, सिगारेट, धूर यांतलं काहीही चालत नाही. सुळक्याखाली उभं राहून ढोल-ताशा आणि फटाके वाजवणारे महाभाग असतात, त्यांची शिक्षा मागून येणाऱ्या निरपराधांना मिळते. कडक अत्तर लावून जाऊ नये. आणि पिकलेली केळी नेऊ नयेत.

रसायनी_मुलूखगिरी
केळ्यांचं थोडं नीट सांगते. मधमाशी डंख मारते तेव्हा नांगीपाशी जो इशारा देणारा गंध सुटतो त्यातला एक प्रमुख घटक आयसोपेंटाइल अ‍ॅसिटेट. त्याचा वास पिकल्या केळ्यासारखा येतो, म्हणून ही समजूत. पिशवीतल्या बंद डब्यातल्या केळ्याने मोहोळ उठतं असं मी म्हणणार नाही. पण मोहोळाखाली बसून केळी सोलायचं काही कारणही नाही. त्या वासाचा खरा उपयोग वेगळा आहे. एक माशी चावली की त्या जागेला इशाऱ्याचा गंध लागतो आणि बाकीच्या तिथेच येतात. म्हणून चावलेल्या जागी उभं राहून हात झटकत बसणं सगळ्यात वाईट. तिथून निघायचं.

आणि नेहमी माणूसच कारण असतो असंही नाही. मधुबाज पोळ्यावर झडप घालतो, त्यानंतर माश्या बराच वेळ चवताळलेल्या असतात. वर घारीसारखा पक्षी पोळ्याभोवती घिरट्या घालताना दिसला तर आपण लांब थांबावं.

गावचा_डॉक्टर
माश्या उठल्या तर काय करावं ते क्रमाने लिहितो.

तोंड आणि मान पंचा, ओढणी, शर्ट जे असेल त्याने झाका. डोळे, नाक आणि ओठांवरचे डंख जास्त घातक. हात हलवू नका, माशी चिरडू नका. आल्या वाटेने खाली, दाट झाडीकडे निघा. पण कड्याच्या कडेला धावू नका, लोक पडून जास्त जखमी होतात. पाण्यात बुडी मारायचा सल्ला विसरा, माश्या वर थांबून राहतात. सुरक्षित जागी आल्यावर नांग्या काढा. नखाने, एटीएम कार्डाने, चिमट्याने, कशानेही. कसं काढता यापेक्षा किती लवकर काढता हे महत्त्वाचं, कारण नांगीला चिकटलेली विषाची पिशवी काही काळ विष ढकलतच राहते. मग साबणपाणी आणि गार पट्टी.

आता धोक्याची खूण. डंखाच्या जागी सूज येणं अपेक्षित आहे. पण सगळ्या अंगावर गांध्या, ओठ किंवा जीभ सुजणं, आवाज घोगरा होणं, दम लागणं, चक्कर, उलटी यांतलं काहीही दिसलं तर ती तीव्र अ‍ॅलर्जी आहे. अशा वेळी अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं. सेट्रिझिनची गोळी देऊन वाट बघत बसू नका. १०८ ला फोन करा. चक्कर येत असेल तर माणसाला आडवं करून पाय वर ठेवा, दम लागत असेल तर बसतं ठेवा, आणि चालवत नेऊ नका. ज्यांना आधी एकदा अशी अ‍ॅलर्जी झाली आहे त्यांनी गडाचा सुळका टाळावा हे उत्तम.

खालच्या निसर्गवाटांवर हा धोका बराच कमी, तरी वडाच्या आणि सावरीच्या उंच फांद्यांवर पोळी असू शकतात. मान वर करून एकदा बघण्याची सवय ठेवा. पक्षीही दिसतील!

मृदुला_ठाणे
बाप रे, किती उपयोगी माहिती! मनापासून आभार. सापांचं काय? सासूबाईंनी तेवढ्यावरून बेत रद्द करायचा धोशा लावलाय.

गावचा_डॉक्टर
डिसेंबरच्या थंडीत हालचाल मंदच असते. नियम दोन. वाट सोडायची नाही आणि जिथे नजर पोचत नाही तिथे हात-पाय घालायचा नाही. ओंडका ओलांडताना आधी ओंडक्यावर पाय, पलीकडे बघून मग खाली. दगडावर बसण्याआधी काठीने आजूबाजूचा पाचोळा हलवा. ओढ्याकाठच्या झुडपात, छातीच्या उंचीवर हिरवा चापडा गुंडाळून बसलेला असू शकतो, म्हणून आधारासाठी फांदी पकडायच्या आधी ती बघा.

चावलाच तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट बांधायचं नाही. अंगठी-बांगडी-घड्याळ काढा, हात किंवा पाय फळी लावून हलणार नाही असा ठेवा आणि रुग्णालय गाठा. आपल्याकडचं विषरोधक नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी असतं. चापड्यावर ते नाही. पण म्हणून दवाखान्यात जायचं टाळू नका. आणि साप पकडून किंवा मारून दाखवायला नेण्याची गरज नाही.

माळरान
सापांपेक्षा मला डिसेंबरात खाजकुयलीची काळजी वाटते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी शेंगा वाळतात. तपकिरी, मखमली, इंग्रजी एस अक्षरासारख्या वळलेल्या, झुबक्याने लोंबतात आणि मुलांना हमखास हात लावावासा वाटतो. त्या लवेतल्या केसांत खाज आणणारी द्रव्यं असतात. वारा सुटला की शेंगेला हात न लावताही केस अंगावर येतात.

लागली तर चोळायचं नाही, घामाच्या रुमालाने पुसायचं नाही. चोळलं की केस आत घुसतात आणि पसरतात. रुंद चिकटपट्टी कातडीवर दाबून सरळ वर ओढा, नवी पट्टी घेऊन दोन-तीनदा करा. मग वाहत्या पाण्याखाली धुवा. डोळ्यांना हात नको. कपडे घरी वेगळे भिजवा, नाहीतर सगळ्या घराला खाज. पिशवीत चिकटपट्टीचं एक छोटं रीळ टाकाच, फाटलेल्या चपलेलाही उपयोगी पडतं.

गोचिडींसाठी पँट मोज्यात खोचा, हलक्या रंगाचे कपडे घाला म्हणजे चढताना दिसतात. वाळल्या गवतात बसू नका, सतरंजी घ्या. घरी आल्यावर काखा, कमरपट्ट्याची जागा आणि मुलाच्या कानामागे बघा. चिकटलेली गोचीड बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. रॉकेल, काडी, तंबाखू नको.

प्राजक्त
गोचिडीवरून माकडतापाची भीती असते ना?

गावचा_डॉक्टर
आपल्या राज्यात तो विषय प्रामुख्याने सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्याचा, आणि पलीकडे गोव्यात सत्तरीचा. कर्नाळ्यासाठी तेवढ्यावरून बेत बदलू नका. पण कुठल्याही जंगलातून आल्यावर आठ-दहा दिवसांत जोराचा ताप आला तर डॉक्टरांना ‘जंगलात गेलो होतो’ हे सांगायला विसरू नका.

पनवेलकर
माकडांवरून आठवलं. दारापाशी आणि बसायच्या जागांपाशी माकडं धीट आहेत. पिशवीचा चुरचुर आवाज म्हणजे त्यांना जेवणाची घंटा. डबा उघडायच्या आधी जागा बघा, सगळ्यांनी भिंतीकडे पाठ करून बसा, पिशवीची चेन बंद. हातातलं हिसकावलं तर सोडून द्या, खेचाखेची केली की चावतात. आणि चावलं किंवा ओरबाडलं तर साबणाने पंधरा मिनिटं धुवून त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची.

बिस्किट देऊ नका हे सांगायलाच नको. महामार्गावर गाड्यांतून खाणं फेकतात, त्यासाठी ती रस्त्यावर येतात आणि चाकाखाली जातात.

शमा_पुणे
संत्र्याची सालं, अंड्याची टरफलं ‘कुजतीलच’ म्हणून टाकतात त्याबद्दलही लिहा. हिवाळ्यात पाऊस नसतो, पाचोळा सुका असतो, साल महिनोन्महिने तशीच पडून राहते. त्या वासाने माकडं आणि रानडुकरं वाटेवर येतात. एक झाकणाचा रिकामा डबा कचऱ्यासाठीच ठेवा.

अभय_डोंबिवली
मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज लावले की पक्षी जवळ येतात म्हणे. मुलाला दाखवायला सोपं जाईल. करावं का?

तांबट
कृपया करू नका. नराला वाटतं की आपल्या हद्दीत दुसरा घुसलाय. चारा शोधायचं किंवा घरट्याची राखण करायचं सोडून तो त्या न दिसणाऱ्या शत्रूमागे फिरत राहतो. कर्नाळ्यासारख्या ठिकाणी एकाच श्यामाला दिवसात दहा गट असं छळतात.

अभय_डोंबिवली
एकदाच, हळू आवाजात लावलं तरी?

सुतार_मिस्त्री
तरीही नको. तुम्ही एकदा लावता, मागचा गटही एकदाच लावतो. आवाज घरी ऐकून पाठ करा आणि जंगलात नुसतं ऐका. मुलांना हा खेळ फार आवडतो. डोळे मिटून दोन मिनिटं बसायचं आणि प्रत्येक नव्या आवाजाला एक बोट उघडायचं. सुरुवात सोप्या आवाजांनी, म्हणजे तांबटाची एका लयीतली टुक-टुक, कुटुर्ग्याची ‘कुटरू-कुटरू’, टकाचोराची किणकिण.

प्राजक्त
तिबोटी खंड्या दिसेल का हो? त्याचे फोटो बघून कर्नाळ्याचं नाव कळलं.

तांबट
डिसेंबरात नाही. तो पावसाळी पाहुणा. जूनच्या सरींबरोबर येतो, ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ करून अंडी घालतो, पिल्लांना सापसुरळ्या, बेडूक, खेकडे, कोळी भरवतो आणि पाऊस सरला की जातो. घरट्यासमोर तंबू ठोकून फोटो काढण्याची जी गर्दी होते तिने घरटी सोडून दिली जातात. पक्षी तोंडात भक्ष्य घेऊन समोरच्या फांदीवर बसून राहिला आणि बिळात जात नाही, म्हणजे आपण फार जवळ आहोत. उठून मागे जायचं. रात्री प्रवास करताना हा चिमुकला इमारतींच्या काचांवर आपटतो, तेव्हा मे-जूनमध्ये घरात सापडला तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा, पाणी पाजू नका आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

पावसाळ्यात जाणाऱ्यांसाठी एक सूचना. ओढा पार करताना पाणी गढूळ होऊ लागलं, काड्या-पानं वाहून येऊ लागली की वर जोरात पाऊस झालाय. पलीकडे जाऊ नका आणि पलीकडे असाल तर उंच जागी थांबा. सह्याद्रीतले ओढे जसे झपाट्याने चढतात तसे उतरतातही.

कुंभा_उंबर
सगळे पक्ष्यांवरच बोलताय, झाडांचं कोण सांगणार? दुपारच्या वेळात मुलाला हे दाखवा.

ऐन: खोडाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची, लगेच ओळखू येते. कांडोळ: पांढरंफटक खोड, साल कागदासारखी सुटते, डिसेंबरात पानं झडायला लागतात म्हणून आणखी उठून दिसतं. साग: खाली पडलेलं पान उचलून उजेडात धरा. बरीच पानं नुसती जाळी उरलेली असतात. एका पतंगाची अळी शिरा सोडून मधला हिरवा भाग खाते. जाळीचा एकेक चौकोन भिंगातून बघण्यासारखा असतो. सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लाल होतो, हाही मुलांचा आवडता प्रयोग.

झाडाच्या फांदीवर तपकिरी, थरथरांचा, नारळाएवढा गोळा दिसला तर ते मुंग्यांचं घर. त्याला मोठं गोल भोक असेल तर तांबूस सुतार पक्ष्याने त्यात घरटं केलेलं असू शकतं. मुंग्यांच्या घरातच अंडी घालतो पठ्ठ्या. पानं शिवून केलेली हिरवी घरटी ओंबिलांची, म्हणजे चावऱ्या लाल मुंग्यांची, त्या फांदीखाली बसू नका.

माळरान
कोवळं पान चोळायचा प्रयोग अभयारण्यात नको, घराजवळच्या सागावर करा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार अभयारण्यातलं पान-फूलही तोडायचं नसतं. पडलेली जाळीची पानं बघा आणि तिथेच ठेवा.

कुंभा_उंबर
बरोबर, मान्य. लिहिताना तो मुद्दा निसटला.

गावचा_डॉक्टर
पाण्याबद्दल कोणी लिहिलं नाही. खालच्या वाटांसाठी हिवाळ्यात माणशी दोन लिटर, गडाला जाणाऱ्यांनी तीन. वाटेतल्या टाक्यांवर किंवा ओढ्यांवर विसंबू नका. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. लोक ती अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओततात, मग द्रावण फार तीव्र होऊन मळमळतं आणि मुलांना जुलाब लागू शकतात. छोटी पुडी २०० मिलिलिटरची. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, लहान चमचा. वर लिंबू पिळा. आजींना रक्तदाबाची औषधं चालू असतील तर साधं पाणीच थोडं थोडं द्या, ओआरएस त्यांच्या डॉक्टरांना विचारून.

दुर्गवेडा
गुडघ्यासाठी काठीचं मी सांगतो, गडांच्या उतारांवर तीच कामाला येते. एक नको, दोन घ्या. सपाटीवर कोपर काटकोनात राहील एवढी उंची, उतारावर पाच ते दहा सेंटिमीटर वाढवायची. आधी काठ्या खाली टेकायच्या, भार द्यायचा, मग पाऊल. पावलं छोटी, गुडघा किंचित वाकलेला, टाच न आपटता अख्खा तळवा टेकवायचा. सरळ खाली न उतरता वाटेच्या रुंदीत नागमोडी उतरा. कोरड्या खडकावर काठीच्या टोकाला रबरी टोपण असू द्या, मुरमावर काढा.

बूट नवे नकोत. आदल्या दोन आठवड्यांत रोज घालून चाललेले हवेत. उतरण्याआधी लेस घोट्यापाशी घट्ट आवळा म्हणजे पाय पुढे सरकत नाही आणि अंगठ्याची नखं काळी पडत नाहीत.

तांबट
दुर्गवेडा, हे फारच छान लिहिलंत. आता तुम्हीही एकदा गड सोडून खाली या!

दुर्गवेडा
येतो, पण सुळका दिसेल अशाच जागी बसणार.

मृदुला_ठाणे
सगळ्यांचे आभार. आता बेत असा: बुधवार, पहाटे ठाण्याहून निघून दार उघडताना तिथे. हरियाल वाट सावकाश, एखाद्या उंबराखाली मुक्काम, बारा वाजता जेवण, दुपारी झाडं, साडेतीन ते पाच पुन्हा पक्षी. स्टीलचे डबे, दोन काठ्या, चिकटपट्टी, चिमटा, सतरंजी, ओढण्या, कचऱ्याचा डबा. दोन प्रश्न उरलेत. वाट चुकायची शक्यता आहे का? आणि परत किती वाजता निघावं?

पनवेलकर
आखीव वाटेवर राहिलात तर नाही. पण आसपासच्या ठाकर-कातकरी वाड्यांतल्या लोकांच्या लाकूडफाट्याच्या आणि गुरांच्या वाटा मध्येमध्ये फुटतात, आणि त्या मूळ वाटेपेक्षा रुळलेल्या वाटू शकतात. ओळखायची रीत अशी की फलक, दगडी पायऱ्या, बसायचे कट्टे लागत राहिले तर वाट बरोबर. दहा मिनिटं यांतलं काहीच दिसलं नाही आणि फांद्या कमरेला लागू लागल्या तर पुढे रेटू नका, शेवटच्या फलकापर्यंत मागे या. मोबाइलला रेंज सगळीकडे मिळत नाही, नकाशा घरीच उतरवून घ्या आणि दारातल्या फलकाचा फोटो काढून ठेवा. बंद होण्याची वेळही त्याच फलकावर बघा.

डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास, पण डोंगराच्या सावलीत आणि झाडीत साडेपाचलाच अंधारून येतं. पावणेपाचला परत फिरा, सव्वापाचपर्यंत दाराबाहेर आणि उजेड असतानाच एसटी. अंधारात महामार्गावर हात दाखवलेला ड्रायव्हरला दिसत नाही. गाडीने येत असाल तरी हेडलाइट लागायच्या आत पळस्पे फाटा गाठा, संध्याकाळी तिथे गाड्या तुंबतात.

माळरान
आणि दोन छोट्या टॉर्च, सुटे सेल. मोबाइलची बॅटरी फोटो काढण्यातच संपते.